छोटंसंच ऑपरेशन होतं, मग इतकं का दुखतंय? आधीपासून आजारी असणाऱ्यांनी काय करायचं, पायरीपायरीने

मला संधिवात आहे, त्यातला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सगळे नुसतं आरए म्हणतात तो. अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी खालची डावी अक्कलदाढ काढली. दाढ आडवी होती, हिरडी कापून थोडं हाड घासून दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागली, पाऊण तास तोंड उघडं. शुक्रवारी काढली. "दोन-तीन दिवस दुखेल, मग काही नाही" असं सांगून घरी पाठवलं. शनिवार बरा गेला, रविवारी दुपारी तर मी खिचडी खाल्ली आणि वाटलं चला सुटलो. आणि त्याच रात्री अडीच वाजता जबड्यातून कानात, कानातून कानशिलात अशी कळ गेली की मी उठून भिंतीला डोकं टेकवून बसले.

पुढचा दीड दिवस मी काय केलं? काही नाही. फोन नाही, दवाखाना नाही. कारण मला दुखण्याची सवय आहे! रोज सकाळी बोटं वाकत नाहीत, गुडघा धरलेला असतो, तरी डबे होतात, ऑफिस होतं, मग एका दाढेचं काय घेऊन बसायचं. शिवाय ऑपरेशन छोटं, मग तक्रार मोठी कशी करायची ही लाज वेगळीच. मंगळवारी सकाळी नवऱ्याने अक्षरशः गाडीत घालून नेलं तेव्हा कळलं की हा ड्राय सॉकेट नावाचा नेहमीचा प्रकार आहे आणि त्यावर दहा मिनिटांचा इलाज आहे.

तर हे सगळं त्या वाया गेलेल्या दीड दिवसाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, जुनी पेशंट आहे. तुमच्या गोळ्या तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यापर्यंत नीट पोचायचं कसं, आणि तोवर घरात काय करायचं काय नाही, हे सांगू शकते.

आधीची तयारी: एक कागद आणि तीन प्रश्न

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी हे. ज्यांचं होऊन आत्ता दुखतंय त्यांनी सरळ पुढच्या पायरीवर जा.

एका कागदावर सगळी औषधं लिहा, डोस आणि वेळेसकट. दाताच्या किंवा छोट्या सर्जरीच्या डॉक्टरला आपण "बीपीची गोळी चालू आहे" एवढंच सांगतो आणि बाकीचं त्यांच्या कामाचं नाही असं समजतो, पण असतं. लांब काळ स्टेरॉइड चालू आहे का (वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल वगैरे), रक्त पातळ करायचं काही घेता का, मेथोट्रेक्सेट (संधिवातावरची, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) आठवड्यातल्या कुठल्या वारी घेता, त्याच कामाची बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत का. आणि एक गोष्ट जी बहुतेक जण सांगायची विसरतात, हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षाचं सलाईन किंवा डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन घेतलं असेल तर दात काढण्याआधी सांगायलाच हवं, कारण क्वचित कधी त्या औषधांमुळे जबड्याचं हाड भरून येत नाही. स्टेरॉइडवाल्यांना ही औषधं बऱ्याचदा चालू असतात.

आरएवाल्यांनी अजून एक सांगा, मान. मानेचे वरचे दोन मणके ढिले झालेले असू शकतात, त्यामुळे खुर्चीत मान फार मागे टाकायची नाही. मला हे माहीत होतं म्हणून मी उशी मागून घेतली.

मग तीन प्रश्न विचारून उत्तरं तिथेच लिहून घ्या. दुखणं कितव्या दिवसापासून उतरायला लागलं पाहिजे? नाही उतरलं तर त्याचं कारण बहुतेक काय असतं? रात्री किंवा रविवारी फोन कुणाला करायचा? मी यातला एकही विचारला नव्हता, आणि मला कुणी आपणहून सांगितलंही नव्हतं.

पायरी १: हे दुखणं नवं की जुनं ते वेगळं काढा

निरोगी माणसाला हा प्रश्नच पडत नाही, त्याला दुखतं म्हणजे नवीनच दुखतं. आपलं तसं नाही, आपल्याकडे आधीच भाडेकरू आहेत.

आकडे वापरा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे, दवाखान्यात विचारतात तेच. पण आपण नुसतं "सात" म्हणून थांबायचं नाही, आपला रोजचा आकडा आधी सांगायचा. माझा रोजचा ३, वाईट दिवशी ५. त्या रात्री ८ होता. "रोजचा ३ आहे, आज ८ आहे, गोळीनंतर दोन तास ६ वर येतो आणि परत ८, झोप नाही" हे वाक्य डॉक्टरला जेवढं सांगतं तेवढं "डॉक्टर खूप दुखतंय हो" कधीच सांगत नाही. उलट आपण इतकी वर्षं दुखणं सोसून शांत बोलायला शिकलेलो असतो ना, त्यामुळे समोरच्याला वाटतं एवढं काही नसेल.

दुसरं म्हणजे उतार बघा. साध्या ऑपरेशननंतरचं दुखणं सहसा पहिले दोन-तीन दिवस जास्त आणि मग रोज थोडं थोडं कमी. दाढेची सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, त्याला घाबरायचं नाही. पण एकदा उतरलेलं दुखणं परत चढायला लागलं तर तो सिग्नल आहे. किती दुखतंय यापेक्षा कुठल्या दिशेला चाललंय हे महत्त्वाचं. दिवसातून तीनदा मोबाईलमध्ये वेळ आणि आकडा टाकून ठेवा, बास.

तिसरं, दुखण्याला त्याचं नाव द्या. आपल्या मराठीत यासाठी इतके शब्द आहेत आणि दवाखान्यात गेलं की आपण सगळे "पेन होतंय" वर येतो. ठसठस म्हणजे नाडीबरोबर उडल्यासारखं, आत सूज किंवा पू असला की तसं होऊ शकतं. ठणका म्हणजे खोल, हाडातून येणारा, एकसारखा. चमक किंवा सणक म्हणजे करंट लागल्यासारखी येते आणि जाते, ती नसेची असू शकते, मुंग्या आणि बधिरपणाही त्याच घरातले. आग, चुरचुर ही वरच्या कातडीची, टाक्यांची. ओढ बसते ती टाका ताणला गेल्याची. यावरून आपण घरी निदान करायचं नाही हां, पण डॉक्टरला "ठणका आहे, कानापर्यंत जातोय, आणि तोंडाला घाण चव येतेय" म्हटलं की ते फोनवरच अर्धं ओळखतात.

माझ्या बाबतीत तर दोन नवी दुखणी होती आणि मी दोन्ही एकात ढकललेली. एक दाढेच्या खड्ड्यातला ठणका आणि दुसरं कानासमोरच्या जबड्याच्या सांध्याचं. आरए जबड्याच्या सांध्यातही असतो, आणि तो सांधा पाऊण तास ताणून ठेवलेला, चिडणारच की. बोट ठेवून बघितलं तर जागा वेगळ्या होत्या. हे बोट ठेवून बघणं मी मंगळवारी केलं, सोमवारी पहाटेच करायला हवं होतं.

अजून एक, वर्षानुवर्षं दुखत असलेल्या शरीरात नसांची यंत्रणाच जास्त संवेदनशील होऊन बसलेली असू शकते, म्हणजे आवाज तोच पण स्पीकरचा व्हॉल्यूम आधीच वर. त्यामुळे शेजारणीला दोन गोळ्यांत भागलं आणि तुम्हाला नाही, तर तुम्ही नाटकी नाही आहात.

पायरी २: थांबायचं नाही अशा गोष्टी

ही पायरी वाचून झाल्यावरच गोळ्यांकडे जा. गिळता येत नाही, श्वास घ्यायला त्रास, सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरतेय, तोंड काल उघडत होतं त्यापेक्षा आज कमी उघडतंय, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. गॉझ घट्ट दाबून अर्धा तास झाला तरी रक्त थांबत नाही, तेही तसंच. दाढेव्यतिरिक्त दुसरं ऑपरेशन असेल तर जखमेभोवतीची लाली पसरत जाणं, पू, प्लास्टर किंवा पट्टीखाली बोटं थंड-निळी-बधिर पडणं, एकाच पोटरीत दुखून सूज येणं, छातीत दुखणं, लघवी अडकणं, डोळ्याचं असेल तर दुखण्याबरोबर नजर कमी होणं, हे सगळं त्याच दिवसाचं काम आहे.

आणि ताप. १०१ च्या वर गेला तर फोन. पण स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना इन्फेक्शन असूनही ताप न येणं शक्य असतं, वरून पॅरासिटामॉल चालू असेल तर तोही ताप झाकतो. म्हणून आपल्यासारख्यांनी "ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही" असं म्हणायचं नाही. गळून गेल्यासारखं वाटणं, थंडी वाजणं, अचानक गोंधळल्यासारखं होणं, डायबेटिसवाल्यांची शुगर विनाकारण वर जाणं, हेही तितकंच मोजायचं.

पायरी ३: डब्यातल्या गोळ्यांना हात लावण्याआधी

प्रत्येक घरात एक डबा असतो, आमच्याकडे तो जुन्या बिस्किटांचा आहे. त्यात सहा प्रकारच्या अर्धवट स्ट्रिप्स. रात्री अडीच वाजता तो डबा फार जवळचा वाटतो.

आधी हे बघा की नावं वेगळी असली तरी आत तेच असतं. डोलो ६५० मध्ये पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. झिरोडॉल-पी मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉल आणि परत पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे डॉक्टरने झिरोडॉल-पी दिलीय, दुखतंय म्हणून मध्ये एक कॉम्बिफ्लाम टाकली, ताप वाटला म्हणून डोलो, तर पॅरासिटामॉल तीन ठिकाणांहून आणि सूज कमी करणारी पेनकिलर दोन ठिकाणांहून पोटात गेली. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ६५० च्या जास्तीत जास्त सहा. लिव्हरचा त्रास, दारू, कमी वजन किंवा मेथोट्रेक्सेट असेल तर तुमची मर्यादा याहून कमी असू शकते, ती विचारून घ्या.

आता जुन्या आजाराप्रमाणे. किडनी कमजोर असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक या घराण्यापासून लांब, डॉक्टरने स्वतः रिपोर्ट बघून दिल्याशिवाय नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि जोडीला लघवीची गोळी चालू असेल तरी तेच, तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर ताण येतो, त्यातून आपण दाढेमुळे पाणी कमी पीत असतो. स्टेरॉइड आणि ही पेनकिलर एकत्र म्हणजे पोटात अल्सरचा धोका, काळी शी झाली तर लगेच दाखवा. दमा असणाऱ्या काहींना या गोळ्यांनी दम लागतो.

मेथोट्रेक्सेटवाल्यांनी जरा जास्तच सावध. ही पेनकिलर आणि अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली अँटिबायोटिक्स मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जायला उशीर लावू शकतात. आरएच्या कमी डोसवर ती अजिबात चालत नाहीत असं नाही, मला स्वतःला दिली होती, पण माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांना विचारून. सेप्ट्रान नावाचं अँटिबायोटिक मात्र, म्हणजे ज्यात ट्रायमेथोप्रिम असतं ते, मेथोट्रेक्सेटबरोबर नको, कुणी लिहून दिलं तर तिथेच विचारा. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, दुखण्याच्या आणि झोपेच्या गोंधळात ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्या दिवसांत ती स्ट्रिप वेगळ्या डब्यात.

ट्रॅमाडॉल दिलं असेल तर डिप्रेशनच्या गोळ्या, ड्युलोक्सेटिन किंवा प्रेगाबालिन (या नसांच्या दुखण्यासाठीही देतात), झोपेची गोळी यातलं काही चालू आहे का ते सांगा, एकत्र आल्या की काहींना फार गुंगी येते, श्वास मंदावतो, किंवा घाम, थरथर, धडधड सुरू होते.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक उलटी आहे. दुखतंय म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून रोजच्या गोळ्याही नाहीत. स्टेरॉइड बरेच महिने चालू असेल तर ते अचानक बंद करायचं नाही, कधीच नाही. उलटी होऊन गोळी टिकत नसेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवा. डायबेटिसवाल्यांनी जेवण कमी झालंय हे सांगून इन्सुलिन-गोळ्यांचं विचारावं, डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी असेल तर आवर्जून.

पायरी ४: फोन, आणि फोनवर काय बोलायचं

आपण काय म्हणतो? "डॉक्टर, जरा दुखत होतं, म्हटलं विचारावं." मग तिकडून "घेताय ना गोळ्या? होईल कमी" आणि फोन बंद. चूक पूर्णपणे त्यांची नसते.

मी आता असं बोलते, अगदी लिहून, वाचून: "डॉक्टर, शुक्रवारी खालची अक्कलदाढ काढली. मला आरए आहे, मेथोट्रेक्सेट आणि पाच मिलिग्रॅम स्टेरॉइड चालू आहे. दोन दिवस दुखणं कमी होतं, तिसऱ्या रात्रीपासून वाढलंय, ३ वरून ८. कानापर्यंत ठणका आहे, तोंडाला घाण वास येतोय. ताप नाही, पण स्टेरॉइडवर आहे. तुमची गोळी आठ-आठ तासांनी घेतेय, दोन तासही पुरत नाही. आज बघाल का?" शेवटचा प्रश्न हाच ठेवा. "काय करू?" विचारलं की गोळी बदलून मिळते, "आज बघाल का?" विचारलं की वेळ मिळते.

"संधिवातामुळे होत असेल" असं उत्तर आलं तर एवढंच म्हणा की संधिवाताचं दुखणं मला ओळखता येतं, हे ते नाही. आवाज न चढवता. दोनदा म्हणावं लागलं तर दोनदा. आपल्या जुन्या आजाराच्या डॉक्टरलाही एक मेसेज टाका, नव्या गोळ्यांचा फोटो काढून, कारण दोन डॉक्टर एकमेकांशी आपणहून बोलतील या भरवशावर राहू नका, मधला पोस्टमन आपणच.

पायरी ५: दाढेचंच असेल तर

दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच झाकण असते. ती निघाली किंवा विरघळली की खालचं हाड उघडं पडतं, हवा, पाणी, अन्न सगळं थेट त्यावर. हा ड्राय सॉकेट. सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होतो, खालच्या अक्कलदाढेला जास्त, तंबाखू-सिगरेटवाल्यांना जास्त, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही जास्त. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका हे दवाखान्यात सांगत नाहीत, तंबाखू म्हणून मोजतच नाहीत ना ती! सांगा, आणि निदान जखम भरेपर्यंत तरी बंद ठेवा.

दवाखान्यात खड्डा सलाईनने धुतात आणि औषधाची पट्टी भरतात, लवंगेच्या तेलाचा वास येतो तिला. मला वीस मिनिटांत ८ चा ४ झाला, मी खुर्चीतच रडले. दोन दिवसांनी पट्टी बदलली, परत एकदा बदलली. हे मुळात इन्फेक्शन नाही, म्हणून घरी बसून अँटिबायोटिकचा कोर्स वाढवत राहिल्याने दुखणं जात नाही.

वासावरून सासूबाईंना वाटलं मग लवंग घरातच होती की. नाही. लवंग, हळद, कापूर, अ‍ॅस्पिरिनची गोळी यातलं काहीही खड्ड्यात कोंबायचं नाही, नुसत्या लवंगतेलाने आणि अ‍ॅस्पिरिनने हिरडी भाजते. पहिल्या दिवशी थुंकणं, जोरात चूळ, स्ट्रॉने पिणं बंद, गुठळी ओढली जाते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, तेही तोंडात धरून मान इकडे तिकडे करायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं.

पायरी ६: घरातली रात्र

बर्फ पहिल्या दिवशी, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. बोटं धरतात म्हणून मला पिशवी हातात धरता येईना, मग ओढणीने डोक्याला बांधली, जुन्या सिनेमातल्या दातदुखीवाल्या माणसासारखी दिसत होते. थंडीने ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात त्यांनी तर बर्फ हातात धरूच नये. दोन दिवसांनंतर जबड्याच्या सांध्याला कोमट शेक. जांभई येताना हनुवटीखाली हात धरा. झोपताना दोन उशा, डोकं वर, आडवं झालं की ठसठस वाढते.

गोळी वेळेवर घ्या, दुखणं डोक्यावर चढल्यावर नाही, पहिली तर भूल उतरायच्या आधीच, डॉक्टरांना विचारून. रात्रीची गोळी संध्याकाळीच स्ट्रिपमधून काढून वाटीत ठेवून त्यावर वेळेची चिठ्ठी, कारण सुजलेल्या बोटांनी पहाटे ती फॉइल फोडणं ही एक वेगळीच सर्जरी असते.

खाण्यात पेज, मऊ गुरगुट्या भात, नाचणीची आंबील (तिखट नको), ताक, केळं, पातळ शिरा. तीळ, भगर, राजगिरा असलं बारीक दाणेदार काही नको, बरोबर खड्ड्यात जाऊन बसतं. उपवास तर मुळीच नको, उपाशीपोटी पेनकिलर नकोच.

जुना आजारही या आठवड्यात डोकं वर काढतो. माझी बोटं पाचव्या दिवशी सुजली. छोट्या ऑपरेशनसाठी मेथोट्रेक्सेट बहुतेक वेळा थांबवत नाहीत, बायोलॉजिकचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात, पण आपल्या मनाने डोस पुढे-मागे करू नका. फ्लेअर (म्हणजे जुना आजारच उसळणं) आहे की इन्फेक्शन आहे हा फरक घरी कळत नाही, एकाच सांध्यात अचानक लाल, गरम, प्रचंड दुखायला लागलं तर फ्लेअर समजून बसायचं नाही, दाखवायचं.

घरचे म्हणतील, "एवढ्याशा दाढेचं काय, माझी तर काढली आणि दुसऱ्या दिवशी मटण खाल्लं." वाद घालू नका, ताकद लागते त्याला. मी एवढंच सांगितलं की चार दिवस भांडी आणि फोन माझ्याकडे नाहीत. भांडी झाली, फोन कुणी घेतले नाहीत.

माझी उजवीकडची दाढ अजून काढायची आहे. यावेळी सोमवार मागून घेतलाय. तिसरा-चौथा दिवस बुधवार-गुरुवार येतो आणि दवाखाना उघडा असतो.